घोंगडी धरा

गुरं अडवायच्या लोखंडी जाळीवरून पिकअप खडखडत पुढे आली की एमर्सन बित्सिली हॉर्न वाजवायचा. मग तिथेच गाडी थांबवून इंजिन बंद करायचा आणि कान देऊन बसायचा. वर टेकाडावर सासूच्या कमरपट्ट्याचं घुंगरू किणकिणत आत जायचं, तिच्या होगानचं, म्हणजे लाकूड-मातीच्या गोल घराचं दार लागायचं, आणि मगच तो गाडी पुढे काढायचा. मागे पाण्याची टाकी डुचमळत असायची.

जावयानं सासूचं तोंड पाहायचं नाही आणि सासूनं जावयाचं. पाहिलं तर डोळे जातात, असं आमची जुनी माणसं सांगतात. तरुण पोरं आता एवढं पाळत नाहीत. फार्मिंग्टनच्या बाजारात सासू-जावई एकच ढकलगाडी ढकलताना दिसतात. पण एमर्सनची सासू नानाबाह जुन्या वळणाची होती, आणि एमर्सनलाही कधी त्याचा जाच वाटला नाही. लग्नाला आयुष्य लोटलं. त्याला सासूचा खोकला ठाऊक होता, तिच्या हातचं मटण ठाऊक होतं, तिनं विणलेली घोंगडी तो अंगावर घ्यायचा. फक्त तोंड ठाऊक नव्हतं.

दोघांचं बोलणंही थेट नव्हतं. मध्ये त्याची बायको असायची. "आई विचारते, लाकडं कधी आणणार?" "सांग तिला, उद्या." भांडणसुद्धा तिच्यातूनच चालायचं, आणि ती दोन्हीकडचे शब्द थोडे पुसून पुढे द्यायची. गेल्या हिवाळ्यात ती गेली. गेलेल्या माणसाचं नाव आमच्यात घेत नाहीत. एमर्सन मनातसुद्धा घेत नसे.

ती गेल्यावर काही दिवस सासू-जावयामध्ये काहीच बोलणं झालं नाही. तो पाणी भरून जायचा, परत यायचा तेव्हा दाराबाहेरच्या खोक्यावर झाकलेलं ताट असायचं. मग एका सकाळी तो पिंपात नळी सोडून उभा असताना आतून आवाज आला.

"शेरिफ! ए शेरिफ!"

शेरिफ म्हणजे कुत्रा. एक कान फाटलेला, एमर्सनच्या गाडीखाली सावलीला पडला होता. त्यानं मान वर केली.

"त्या माणसाला सांग, पिंप खालून गळतंय. निम्मं पाणी मातीलाच पाजतो."

एमर्सननं वाकून पाहिलं. खरंच गळत होतं. तो कुत्र्याला म्हणाला, "शेरिफ, सांग तिला, पिंप म्हातारं झालंय. पुढच्या खेपेला डांबर आणतो."

"पुढच्या खेपेला म्हणे," आतून आवाज आला. "गेल्या उन्हाळ्यातही पुढच्याच खेपेला होतं."

त्या दिवशी परत जाताना एमर्सन गाडीत एकटाच हसला. किती दिवसांनी हसला ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

डांबर मात्र राहूनच गेलं. राहण्याला कारणही होतं. होगानच्या भिंतीपाशी नळ उभा होता, त्याला पाणी आलं की पिंप लागणारच नव्हतं.

आमचा नदीच्या पाण्याचा कज्जा आजोबांच्या काळापासूनचा. शेवटी तडजोड झाली, कागदावर सह्या झाल्या, नदीतला आमचा वाटा ठरला आणि पाइप टेकाडापर्यंत आला. नळ बसवला त्या दिवशी एमर्सनच्या बायकोनं तो फिरवून पाहिला. आतून नुसती हवा आली, फुस्स करून. ती पोट धरून हसली आणि म्हणाली, "आईसारखाच आहे, आधी फणफणतो." मग ती आजारी पडली. इस्पितळात तिनं एमर्सनचा हात धरून एकच सांगितलं, आईच्या घरात नळाला पाणी येईपर्यंत तिला पाणी कमी पडू देऊ नको.

पाणी आलं नाही. पंप तयार होता, पण नदी आटत चालली होती, आणि नदीत तो मासा होता. मोठ्या तोंडाचा, हिरवट पाठीचा, लांबीला माणसाच्या हाताएवढा. एके काळी नदीत भरपूर होता, आता हाताच्या बोटांवर आला, म्हणून कायद्यानं राखलेला. मासा जगेल एवढं पाणी नदीत राहिल्याशिवाय पंपानं ओढायचं नाही, असा हुकूम झाला. आमच्या जुन्या माणसांनी मासा कधी ताटात घेतला नाही, हातसुद्धा लावला नाही. त्यामुळे लोकांना दुप्पट राग. खाल्लाही नाही कधी, आणि त्याच्यापायी तहानलेलं राहायचं.

सगळा चॅप्टर, म्हणजे आमच्या आठ-दहा टेकाडांची मिळून गावसभा, माशाच्या नावानं बोटं मोडत होता. एमर्सन गप्प असायचा. त्याला कुणी विचारलं तर तो पाठीला हात लावून म्हणायचा, "हो ना, खेपा घालून कंबर गेली." पण रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याला खरं काय ते कळायचं. नळ कोरडा होता म्हणून तो इथे होता. पुरुष लग्न करून बायकोच्या आईच्या वस्तीवर येतो. बायको गेली की तो आपल्या बहिणींकडे परत जातो, कुणी हाकलत नाही, पण जातो. एमर्सनच्या बहिणीचा डोंगराच्या पलीकडून तीनदा निरोप आला होता. तो म्हणायचा, म्हातारीला पाणी कोण आणील? नळ सुरू झाला की हे बोलणं संपलं. म्हणून जो शब्द त्यानं बायकोला दिला होता तो पुरा होऊ नये असंच त्याला आतून वाटायचं, आणि वाटलं की लाज वाटायची.

वसंतात लोरिंडा आली. बायकोची धाकटी बहीण, फिनिक्सला राहते. तिनं एमर्सनच्या ट्रेलरमध्ये, त्याच्या चाकांवरच्या घरात बसून कॉफी घेतली, ताईच्या रिकाम्या खुर्चीकडे न बघता.

"भाऊजी, एक बोलू? रागवाल."

"बोल. रागवायला आता कोण उरलंय?"

"माझा मुलगा परत यायचं म्हणतोय. नळ आला तर इथेच घर टाकील. ही जागा..." ती थांबली. "तुम्हाला कुणी जा म्हणत नाही."

"कळलं."

"आणि आईचंही वय झालं. हॉर्न वाजला की धडपडत आत पळते. पडली एखादे दिवशी म्हणजे? मी म्हटलं तिला, आता कशाला लपतेस? ताई नाही, म्हणजे तो आता जावई कुठे राहिला?"

एमर्सननं कप खाली ठेवला. "मग काय म्हणाली?"

"आईच ती. मला म्हणाली, पीठ मळ."

लोरिंडा वाईट नव्हती. तिचं म्हणणं खोटंही नव्हतं. पण ती गेल्यावर एमर्सन बराच वेळ दारात उभा राहिला. म्हातारी उद्या हॉर्न ऐकून आत गेली नाही, तशीच अंगणात उभी राहिली, त्याच्याकडे पाहत राहिली, तर? माणसं म्हणतील, बरं झालं, सोपं झालं. त्याला मात्र ते दार तोंडावर लावल्यासारखं होईल.

मे महिन्यात चॅप्टरच्या सभागृहात मोठी बैठक भरली. नानाबाह आत पहिल्या रांगेत बसायची, म्हणून एमर्सन नेहमीप्रमाणे बाहेर, उघड्या खिडकीखालच्या बाकावर. त्याची सभा कानांनीच व्हायची.

त्या दिवशी आमच्याच मासेखात्यातली एक बाई आली होती, रोझिटा मेनीगोट्स. आमच्याकडे माणूस आधी कूळ सांगतो, मग काम. ती म्हणाली, "मी कडव्या पाण्याच्या कुळातली." एमर्सनही त्याच कुळाचा. म्हणजे ही नात्यानं भाची लागली. बाकावर बसल्या बसल्या त्याला अवघडल्यासारखं झालं.

"कडवं पाणी तरी आहे तुझ्याकडे," कुणीतरी ओरडलं. "आमच्याकडे तेही नाही."

हशा पिकला. रोझिटाही हसली. मग ती म्हणाली, एक तोड निघाली आहे. उन्हाळ्यात काही आठवडे मासा गोट्यांमध्ये अंडी घालतो. तेवढे आठवडे पंप बंद ठेवायचा, नदी माशाला द्यायची. बाकीचं वर्ष पंप आमचा. चॅप्टरनं ठराव केला तर याच शरदात नळाला पाणी येईल.

"आणि ऐन उन्हाळ्यात आम्ही काय करायचं?" हा लॉइड. मेंढ्यांचा मोठा कळप असलेला, बोलण्यात पक्का. "अंडी घालायची?"

"लॉइडभाऊ, तुम्ही घातलीत तर तुम्हालाही कायदा राखील," रोझिटा म्हणाली.

पुन्हा हशा. पण लॉइड हसला नाही. "चेष्टा सोड, पोरी. आजवर आम्ही प्रत्येक वेळी थोडं दिलं. थोडी जमीन, थोडा कोळसा, थोडं पाणी. या वेळी पहिल्यांदा वाटा पूर्ण लिहून मिळालाय. त्यातलं आज आठवडे देऊ, उद्या महिने मागतील. वरच्या अंगाला शहरांची हिरवळ भिजतेय, तिथं कुणी माशाचं नाव काढत नाही. कोर्टात जाऊ. पाच वर्षं लागली तरी चालतील. आपला तो आपला."

खोलीत बऱ्याच जणांनी "बरोबर" म्हटलं. एमर्सनलाही बाहेर वाटलं, बरोबरच आहे. आणि लगेच दुसरं वाटलं, पाच वर्षं. पाच वर्षं खेपा घालता येतील. त्यानं स्वतःच्याच मांडीवर थाप मारली, माशी बसल्यासारखी.

मत पुढच्या बैठकीत घ्यायचं ठरलं. सभा उठली तेव्हा रोझिटाच्या गाडीचं चाक बसलं होतं आणि जास्तीचं चाकही बसकंच. एमर्सननं तिला नदीपर्यंत सोडलं.

"मामा, तुम्ही आत का नव्हतात?"

"सासू आत होती."

तिनं मान डोलवली. एवढं पुरे झालं.

नदीवर आडवा बांध होता. माशांना तो चढता येत नाही, म्हणून बाजूला पाण्याची वाट काढून शेवटी पिंजरा ठेवलेला. पिंजऱ्यात आलेला मासा रोझिटा जाळीनं उचलायची, पाहायची, जुन्या जातीचा असला तर बांधाच्या वरच्या अंगाला सोडायची. मागाहून कुणी आणून सोडलेले मासे वेगळ्या पिंपात टाकायची.

"घरचा कोण नि बाहेरचा कोण, कळतं कसं?" एमर्सननं विचारलं.

"तोंडावरून."

"मग मला नाही जमायचं हे काम."

तिला विनोद कळायला क्षणभर लागला. मग ती इतकी हसली की जाळी हलली. जाळीत तो मोठ्या तोंडाचा होता. एमर्सन पहिल्यांदाच पाहत होता. त्यानं हात मागे बांधून घेतले. सगळा चॅप्टर ज्याच्या नावानं शिव्या देत होता तो असा राजेशाही वगैरे काही नव्हता. ओला, दमलेला, कल्ले उघडत मिटत होता.

"आज सकाळपासून पिंजऱ्याच्या भिंतीवर डोकं मारत होता," रोझिटा म्हणाली. "वर जायचंय त्याला. वरच्या गोट्यांत. दुसरीकडे सोडला तर अंडीच घालत नाहीत."

"आडमुठा आहे."

"असेल. पण मामा, मी काही यालाच पाणी मिळावं म्हणून भांडत नाही. माझी आईसुद्धा टाकीचंच पाणी पिते. दोघंही जगले पाहिजेत, एवढंच म्हणते. दोन्हीकडून शिव्या खाते."

तिनं मासा वर सोडला. तो क्षणभर तसाच तरंगत राहिला आणि मग दिसेनासा झाला. परत येताना एमर्सन बायकोचा विचार करत होता. तीही दोन्हीकडची बोलणी खायची. आईला वाटायचं ती नवऱ्याची बाजू घेते, आणि त्याला वाटायचं आईची. ती असती तर काय म्हणाली असती हे त्याला नीट माहीत होतं. नळ फिरव, म्हणाली असती. बाकी तुझं तू बघ. घरी पोचेपर्यंत त्यानं ठरवलं होतं. मत द्यायचं ते ठरावाच्या बाजूनं. त्यानंतर बहिणीला निरोप धाडायचा.

मतदानाच्या दिवशी सभागृहाबाहेर गाड्या लावायला जागा नव्हती. आत बायकांनी तव्यावर भाकऱ्या तळायला घेतल्या होत्या, वास खिडकीतून येत होता. एमर्सन आपल्या बाकावर बसला. शेरिफ त्याच्या पायांशी. आतून मधूनच घुंगरू वाजायचं, म्हणजे म्हातारी खुर्चीत हलत होती.

अध्यक्ष ह्यूबर्टनं ठराव वाचला. बाजूनं हात वर झाले, मोजले. विरुद्ध हात वर झाले, मोजले. पुन्हा मोजले. दोन्ही आकडे सारखे.

"आणि हा एक," ह्यूबर्ट खिडकीकडे बोट करून म्हणाला. बाजूचे हात मोजताना एमर्सननंही आपला हात खिडकीच्या चौकटीवरून वर केला होता. "एमर्सनचा धरून ठराव पास."

"थांब," लॉइड म्हणाला. "मत दाराच्या आतलं. खिडकीतून उद्या वारा पण हात वर करील."

"गेल्या वर्षी रस्त्याच्या ठरावाला चालला की हाच हात!" कुणीतरी ओरडलं.

"रस्ता तुझ्या दारावरून जाणार होता म्हणून तुला चालला. आज नियमानं होऊ दे."

गलका झाला. लॉइडचं म्हणणं नियमाला धरून होतं, हे सगळ्यांनाच मान्य करावं लागलं. शेवटी ह्यूबर्ट खिडकीशी आला आणि बाहेर डोकावून हळू म्हणाला, "ये ना दादा आत. आता काय आहे? बायको... म्हणजे, आता तसं काही राहिलं नाही ना."

एमर्सन उठला नाही.

आत लोरिंडाचा आवाज आला. "आई, काही हरकत नाही आता. बघितलंस तरी चालेल. ताई नाही."

तव्यावरच्या तेलाचा आवाज तेवढा येत होता. एमर्सनला वाटलं, उठून गाडीत बसावं आणि सरळ डोंगराच्या पलीकडे जावं, मत नको नि काही नको. म्हातारी आता "येऊ दे" म्हणेल. का नाही म्हणणार? पोरीचं म्हणणं खरं होतं. पाच-सहा पावलांत ती त्याच्याकडे बघेल, कुणाही माणसाकडे बघावं तशी, आणि ते झालं की मागचं सगळं संपलं.

घुंगरू वाजलं. म्हातारी उभी राहिली असावी.

"घोंगडी धरा," नानाबाह म्हणाली.

"आई, अगं..."

"लोरिंडा, तू ते टोक धर. ह्यूबर्ट, तू हे. उंच धर, माझा जावई उंच आहे. त्याचं डोकं कुठवर पोचतं ते मी कधी पाहिलं नाही, पण माझी मुलगी त्याच्याकडे वर बघून भांडायची."

कुणीतरी हसलं, कुणीतरी नाक ओढलं. एमर्सन उठला. शेरिफही उठला आणि त्याच्याआधी आत शिरला. सभागृहाच्या मधोमध घोंगडी आडवी धरली होती, तांबडी-काळी, म्हातारीच्या खांद्यावरची, तिनंच विणलेली. अलीकडे दार होतं, पलीकडे पहिली रांग. घोंगडीच्या खालच्या कडेखाली एमर्सनला जुन्या कातडी जोड्याची टोकं दिसली. त्यानं नजर चटकन वर उचलली.

"एमर्सन बित्सिली," ह्यूबर्ट टोक सांभाळत म्हणाला, "मत सांग."

एमर्सननं हात वर केला. "बाजूनं."

"पाणी आलं तर तुझ्या खेपा बंद होतील," लॉइड म्हणाला. टोमणा नव्हता त्यात, नुसतं विचारलं. "मग काय करशील?"

"मी शब्द दिलाय," एमर्सन म्हणाला.

"माझं मत राहिलंय," घोंगडीपलीकडून आवाज आला. आता लोकांच्या लक्षात आलं, म्हातारीनं दोन्ही वेळा हात वर केलाच नव्हता. "जावयाचं आधी होऊ द्यायचं होतं. शेरिफ, इकडे ये."

कुत्रा घोंगडीखालून पलीकडे गेला.

"यांना सांग. लॉइड म्हणतो, आपला तो आपला. बरोबर आहे. मीही तेच म्हणते. पण कोर्टातून नळ आपला होईस्तोवर मी मरेन, आणि माझ्या मुलीनं तो फिरवून ठेवलाय. मासा मला आवडत नाही. थंडगार डोळ्यांचा प्राणी. पण तो माझ्या आजीच्याही आधीपासून त्या नदीत आहे, त्याला बाहेर हो म्हणायला मी कोण? राहिले ते आठवडे. त्या आठवड्यांत पाणी कोण आणील, हा प्रश्न ना? ज्याला जावई आहे त्याचा जावई आणील. ज्याला नाही," घुंगरू वाजलं, "त्यानं माझ्या जावयाला सांगावं. माझं पिंप आधी. मग तुमची."

सभागृहात मोठ्यानं हसू फुटलं. लॉइडसुद्धा डोकं हलवत हसला, पण त्यानं आपलं विरोधी मत मागे घेतलं नाही, आणि कुणी घे म्हटलंही नाही. घोंगडीपलीकडे घुंगरू पुन्हा एकदा वाजलं. ह्यूबर्ट तिच्या बाजूला डोकावून म्हणाला, "हात वर आहे. बाजूनं."

घोंगडी धरून लोरिंडाचे हात दुखायला लागले होते. एमर्सन दारातून बाहेर पडताना तिनं कापडाच्या वरून त्याच्याकडे पाहिलं. डोळे भरलेले होते. ती म्हणाली, "भाऊजी, जरा लवकर जा हो, नाहीतर मी सोडीन."

परतीच्या वाटेवर एमर्सन बाजारातून गेला. घरी आला तेव्हा ऊन कलतं झालं होतं. जाळीवरून गाडी खडखडत आली, त्यानं हॉर्न वाजवला आणि थांबला. वर घुंगरू किणकिणलं, सावकाश, म्हातारीच्या चालीनं, आणि दार लागलं.

त्यानं पिंप रिकामं करून पालथं घातलं. डांबराचा डबा उघडला. तो बुडाला डांबराची पट्टी ओढत असताना आतून आवाज आला.

"शेरिफ! तो काय करतोय?"

"शेरिफ," एमर्सन म्हणाला, "सांग तिला, पिंप दुरुस्त करतोय."

"नळ येणार शरदात. आता कशाला?"

"उन्हाळ्याला लागेल."

मग खोक्यावर ताट ठेवल्याचा आवाज झाला, फक्त हात बाहेर आला आणि परत गेला.

"त्याला सांग," म्हातारी म्हणाली, "नीट लाव म्हणावं. काठालासुद्धा."